रेल्टन स्पेशल
अमेरिकेच्या यूटा संस्थानातील बॉनव्हिल क्षारभूमीवर भूवेगाचे उच्चांक प्रस्थापित करणारी ब्रिटिश मोटारगाडी. रीड रेल्टन यांनी जॉन कॉब यांच्यासाठी रचलेल्या या गाडीत विमानाची दोन नेपियर लायन एंजिने होती, त्यांपैकी एक पुढील व दुसरे मागील चाकांना गती देई. आणि हवेचा विरोध वाढविणारा रेडिएटर टाळून एंजिनांचे पाणी बर्फाच्या टाकीने थंड राखण्याची जी तजवीज रेल्टन यांनी केली, तीतच त्यांच्या प्रतिभेचे मर्म आहे. दुरुस्तीसाठी ॲल्युमिनियमचे अखंड कवच उचलून बाजूस ठेवीत. तासाभरात परस्परविरुद्ध दिशांनी केलेल्या दोन धावांची सरासरी ग्राह्य धरण्याच्या दंडकानुसार १६ सप्टेंबर १९४७ रोजी कॉब यांनी गाठलेला ताशी ६३४.३९ किमी. हा वेग अधिकृत उच्चांक म्हणून १९६४ पर्यंत अबाधित राहिला. गाडी सध्या बर्मिंगहॅम येथील वस्तुसंग्रहालयात आहे.