मोटारीच्या बदली टायरांची निवड

मोटारीबरोबर कारखान्यातून आलेले टायर झिजल्यावर किंवा जुने झाल्यावर त्यांच्या जागी बसवायचे नवे टायर ठरविणे, यास बदली टायरांची निवड म्हणतात. कौटुंबिक मोटारीच्या मालकाच्या यात सहसा दोन अपेक्षा असतात: टायर पुष्कळ वर्षे टिकावा आणि त्याची रस्त्यावरील पकड घट्ट असावी. या दोन गुणांचे एकमेकांशी पूर्ण सख्य नाही. त्यामुळे मोटार कोणत्या रस्त्यांवर, किती पावसात आणि वर्षाकाठी किती चालते, यावर निवड अवलंबून राहते. कोल्हापूर जिल्ह्यात सपाट महामार्ग, सह्याद्रीतील घाट, अतिवृष्टीचा पश्चिम भाग आणि कमी पावसाचा पूर्व भाग हे सारे एकत्र आढळत असल्याने या विषयाचे बहुतेक पैलू तेथे स्पष्टपणे दिसून येतात.

पार्श्वभूमी

हवेने भरलेल्या टायरची कल्पना स्कॉटलंडच्या रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी १८४५ मध्ये मांडली. परंतु ती व्यवहारात आली ती जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ मध्ये बेलफास्ट येथे सायकलसाठी केलेल्या टायरमुळे. फ्रान्समधील मिशेलिन कंपनीने १९४६ मध्ये रेडियल टायरचे पेटंट घेतले. त्यात आतील धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवे जातात आणि नक्षीखाली पोलादी तारांचा पट्टा असतो. आज भारतात प्रवासी मोटारींना बसविले जाणारे जवळजवळ सर्व टायर याच प्रकारचे व ट्यूबलेस असतात.

पकड आणि टिकाऊपणा

टायरचा रस्त्याला टेकलेला भाग साधारण तळहाताएवढा असतो. मोटारीचे वेग घेणे, वळणे आणि थांबणे या चार तळहातांवर अवलंबून असते. रबर डांबरातील खडीच्या उंचसखलपणात दबते, ताणले जाते आणि पुन्हा पूर्ववत होते. या क्रियेत काही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने खर्ची पडते व त्यातूनच पकड निर्माण होते. मऊ रबर खडीत अधिक खोल शिरते, म्हणून अधिक चांगले धरते, पण लवकर झिजते. कडक रबराचे याच्या उलट असते. शिवाय चाक फिरताना जेवढी ऊर्जा वाया जाते तेवढे इंधन अधिक लागते. पकड, टिकाऊपणा आणि इंधनबचत यांपैकी एक गुण वाढविला की उरलेल्या दोहोंपैकी एकाला झळ पोहोचते, ही टायर बनविणाऱ्यांची जुनी अडचण आहे.

या अडचणीतून काही अंशी वाट निघाली ती सिलिकामुळे. पूर्वी रबराला बळकटी आणण्यासाठी मुख्यतः काजळीचा, म्हणजे कार्बन ब्लॅकचा, वापर होत असे. १९९० च्या दशकाच्या आरंभी मिशेलिनने काजळीच्या बऱ्याच भागाऐवजी सिलिका वापरलेले टायर बाजारात आणले. त्यामुळे ओल्या रस्त्यावरील पकड कायम राखून चाक फिरताना होणारा विरोध कमी करता आला. हे तंत्र आता सर्वत्र रूढ आहे. तथापि ‘सर्वाधिक टिकणारा आणि सर्वाधिक पकड असणारा’ असा एकच टायर असल्याचा विक्रेत्याचा दावा सावधपणेच ऐकावा लागतो.

पकडीतील फरकाचे महत्त्व एका साध्या गणिताने लक्षात येते. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या दोन मोटारींनी ओल्या रस्त्यावर एकाच क्षणी ब्रेक लावले आणि एकीच्या टायरांचा घर्षणगुणांक ०.७, तर दुसरीच्या टायरांचा ०.५ आहे असे मानले, तर पहिली सुमारे ३६ मीटरांत थांबते आणि दुसरीला सुमारे ५० मीटर लागतात. पहिली मोटार जेथे थांबली त्या ठिकाणी दुसरीचा वेग अजूनही ताशी ४० किलोमीटरांहून अधिक असतो. चालकाला ब्रेक लावण्याचे भान येईपर्यंतचे अंतर यात धरलेले नाही. दहा हजार किलोमीटर अधिक चालणाऱ्या टायरमुळे होणारी बचत या चौदा मीटरांशी ताडून पाहिली पाहिजे.

कोल्हापूर परिसरातील रस्ते आणि पाऊस

कोल्हापूर शहरात वर्षाला सरासरी सुमारे १,००० मिलिमीटर पाऊस पडतो. पश्चिमेकडील गगनबावडा तालुक्यात तो याच्या कित्येक पट असतो, तर पूर्वेकडील शिरोळ तालुक्यात शहराच्या सुमारे निम्म्यावर येतो. इचलकरंजी-जयसिंगपूर परिसरातच फिरणाऱ्या मोटारीची आणि दर पंधरवड्याला कोकणात उतरणाऱ्या मोटारीची गरज म्हणूनच सारखी नाही.

कोकणाकडे जाणारे मार्ग घाटांतून जातात. रत्नागिरीकडे आंबा घाट, वैभववाडीकडे करूळ घाट, कणकवलीकडे राधानगरी-दाजीपूरवरून फोंडा घाट आणि आजऱ्याहून सावंतवाडीकडे आंबोली घाट लागतो. जून ते सप्टेंबर या काळात येथे धुके, सतत वाहणारे पाणी आणि दरडीतून येणारी तांबडी माती असते. उतारावरील वळणात टायरला एकाच वेळी मोटारीचा वेग कमी करावा लागतो आणि तिला वळवावेही लागते. टायरजवळची पकड या दोन कामांत विभागली जाते. वळणात जोराने ब्रेक लावल्यास मोटार सरळ घसरते ती यामुळे. पन्हाळा आणि जोतिबा येथील चढउतार लांबीने लहान असले तरी पहिल्या पावसात तेथेही हाच अनुभव येतो. उन्हाळाभर साचलेली धूळ, तेल आणि झिजलेले रबर पहिल्या सरींनी ओले होते, धुऊन मात्र जात नाही. त्यामुळे त्या काही दिवसांत रस्ता भर पावसाळ्यापेक्षाही निसरडा असतो.

पुणे-बंगळूरु महामार्गावरील धोका निराळ्या प्रकारचा आहे. तेथे वेग अधिक असतो आणि जोरदार सरीत रस्त्यावर पाण्याचा थर साचतो. नक्षीच्या खाचा हे पाणी बाजूला सारतात. थर खाचांच्या आवाक्याबाहेर गेला की टायर पाण्यावर तरंगू लागतो व सुकाणू हलके पडते. या क्रियेला जलतरंगण असे म्हणता येईल. विमानांच्या चाकांवरील प्रयोगांतून अमेरिकेच्या नासा संस्थेत एक ढोबळ सूत्र निघाले होते. त्यानुसार ३२ पीएसआय हवा असलेला, नक्षी उरलेली नसलेला टायर ताशी सुमारे ९४ किलोमीटर वेगाला तरंगू लागतो. हवा कमी असली की हा वेग आणखी खाली येतो. रुंद टायर अधिक सुरक्षित असतो हा समज येथे उलटा पडतो. कारण नक्षी आणि खोली सारखीच असताना रुंद टायरला अधिक पाणी बाजूला सारावे लागते.

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेच्या पुराचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर येऊन वाहतूक काही दिवस बंद राहिली होती. पूर ओसरल्यावर रस्त्यांवर बारीक गाळाचा थर राहतो. गळीत हंगामात ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर शेतातील चिखल आणि ट्रॉलीतून गळालेला ऊस रस्त्यावर येतो, त्यामुळे पाऊस नसतानाही काही पट्टे घसरडे होतात. अशा थरावर टायरच्या कोणत्याही जातीचा फारसा उपयोग होत नाही. तेथे वेग कमी करणे एवढेच हाती असते. याउलट, युरोपातील बर्फासाठी बनविलेल्या हिवाळी टायरांना या हवामानात काहीच स्थान नाही. त्यांचे मऊ रबर कोल्हापूरच्या उन्हाळ्यात झपाट्याने झिजते.

टायरवरील अक्षरे व अंक

टायरच्या बाजूवर लिहिलेले ‘१८५/६५ आर १५ ८८ एच’ असे शब्द पुढीलप्रमाणे वाचावयाचे असतात. १८५ ही मिलिमीटरांत रुंदी. ६५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के. ‘आर’ म्हणजे रेडियल. १५ हा रिमचा इंचांतील व्यास. ८८ या भारांकाचा अर्थ एक टायर ५६० किलोग्रॅम भार पेलू शकतो असा आहे आणि ‘एच’ ही खूण ताशी २१० किलोमीटर ही वेगमर्यादा दाखविते. ‘टी’ असल्यास ती १९० असते. भारतातील रस्त्यांवर हा वेग कोणी गाठू नये. परंतु ही खूण टायरच्या उष्णता सोसण्याच्या क्षमतेचीही निदर्शक असल्याने कारखान्याने दिलेल्यापेक्षा खालच्या श्रेणीचा टायर घेणे योग्य नाही. भारांकाच्या बाबतीत तर तडजोडच नको. सात माणसे आणि सामान घेऊन देवदर्शनाला निघणाऱ्या मोटारीला त्याची पुरेपूर गरज पडते.

आकार बदलावयाचा झाल्यास चाकाचा एकूण व्यास जवळजवळ तोच राहिला पाहिजे. १६५/८० आर १४, १८५/६५ आर १५ आणि १९५/५५ आर १६ या तिन्ही आकारांचा व्यास सुमारे ६२० मिलिमीटर भरतो. म्हणून एकाच मोटारीच्या निरनिराळ्या प्रकारांत निरनिराळ्या रिम दिसू शकतात. मात्र बाजूची उंची जितकी कमी, तितका खड्ड्याचा आघात रिमपर्यंत लवकर पोहोचतो. दिसण्यासाठी मोठ्या रिम बसविण्याची हौस खड्ड्यांच्या रस्त्यांवर महाग पडते.

उत्पादनाची तारीख चार अंकांत असते. ‘२३२४’ म्हणजे २०२४ सालातील तेविसावा आठवडा. टायर न वापरताही प्राणवायू, ओझोन व उष्णतेमुळे रबर कडक होत जाते. म्हणून दुकानात फार काळ पडून राहिलेला माल सवलतीत मिळाला तरी ही तारीख पाहूनच घ्यावा. काही टायरांची आतली व बाहेरची बाजू ठरलेली असते, काहींवर फिरण्याची दिशा बाणाने दाखविलेली असते. उलट बसविलेला टायर पाणी नीट बाहेर टाकत नाही.

मानके व मानांकने

भारतात विकल्या जाणाऱ्या प्रवासी मोटारींच्या टायरांवर भारतीय मानक ब्यूरोची आयएसआय खूण अनिवार्य असून त्यासाठीचे मानक आयएस १५६३३ हे आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाने २०२२ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून ओल्या रस्त्यावरील पकड, चाक फिरताना होणारा विरोध आणि आवाज यांविषयी एआयएस-१४२ हे मानक लागू केले. ग्राहकाच्या दृष्टीने यांपैकी पहिली बाब सर्वांत मोलाची होय. युरोपीय महासंघात याच तीन बाबींचे लेबल २०१२ पासून टायरवर लावले जाते. त्यात टिकाऊपणाची श्रेणी नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

टिकाऊपणाचा आकडा अमेरिकी पद्धतीत मिळतो आणि तेथे निर्यात होणाऱ्या काही टायरांवर तो छापलेला असतो. १०० हा आधार मानून २०० आकड्याचा टायर चाचणीच्या रस्त्यावर दुप्पट टिकतो, असा त्याचा अर्थ. ही चाचणी टेक्सासमधील ठरावीक मार्गावर सुमारे ११,६०० किलोमीटर मोटार चालवून होते आणि त्यावरून आकडा ठरविण्याचे काम उत्पादक स्वतःच करतो. एकाच कंपनीच्या दोन टायरांची तुलना करण्यास तो बरा. दोन कंपन्यांची तुलना त्यावरून करणे धाडसाचे आहे. शेजारी छापलेली पकडीची ‘एए’, ‘ए’, ‘बी’ ही श्रेणी ओल्या पृष्ठावर सरळ रेषेत ब्रेक लावून काढलेली असते; वळणातील पकडीविषयी ती काही सांगत नाही.

टायर केव्हा बदलावा

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटारीच्या टायरच्या नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी असता कामा नये. नव्या टायरमध्ये ती साधारण ७ ते ८ मिलिमीटर असते. मुख्य खाचांच्या तळाशी रबराचे लहान उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की मर्यादा संपली. हे उंचवटे कोठे आहेत ते बाजूवरील ‘टीडब्ल्यूआय’ या अक्षरांनी किंवा त्रिकोणाने दाखविलेले असते. बोलीभाषेत ज्याला ‘गोटा झालेला’ टायर म्हणतात, तो या मर्यादेच्याही पलीकडे गेलेला असतो. कोरड्या रस्त्यावर असा टायर चांगला धरतो आणि त्यामुळेच फसवितो. पावसाळ्यात घाटांतून जाणाऱ्या मोटारीने ३ मिलिमीटरच्या आसपासच टायर बदलणे शहाणपणाचे आहे. मे महिन्याच्या अखेरीस ही तपासणी करणे सोयीचे.

कुटुंबाच्या मोटारी पुष्कळदा थोड्याच चालतात. अशा मोटारीची नक्षी शिल्लक असताना रबर मात्र वयाने कडक होऊन बाजूवर बारीक भेगा दिसू लागतात. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी आणि उत्पादनापासून दहा वर्षांनी सक्तीने निवृत्ती, असा मिशेलिनचा सल्ला आहे. उन्हात उभ्या राहणाऱ्या मोटारीच्या बाबतीत त्याहून आधीच निर्णय घ्यावा लागतो. महिन्याला दोन-तीनशे किलोमीटर चालणाऱ्या मोटारीसाठी ‘लाखभर किलोमीटर’ टिकणारा टायर घेण्यात अर्थ नाही, कारण ते अंतर पुरे होण्याच्या फार आधी त्याचे वय संपते. अशा मालकाने पकडीला झुकते माप देणेच हिताचे आहे. बाजूला फुगा आल्यास आतील धागे तुटलेले असतात. असा टायर दुरुस्त होत नाही. एसटी आणि मालमोटारींचे टायर पुन्हा नक्षी चढवून वापरले जातात, त्यासाठी त्यांचा सांगाडा तसा बनविलेला असतो. कौटुंबिक मोटारीसाठी हा मार्ग अवलंबू नये.

दोनच टायर बदलताना

चारही टायर एकदम बदलणे उत्तम, पण खर्चामुळे अनेकदा दोनच बदलले जातात. पुढच्या चाकांना इंजिन फिरवीत असल्याने पुढचे टायर आधी झिजतात आणि नवे टायर पुढेच बसविण्याची रीत आहे. टायर कंपन्यांची शिफारस याच्या उलट, म्हणजे नवी जोडी मागे बसविण्याची आहे. पुढची चाके घसरली तर मोटार सरळ जाऊ लागते. ते चालकाला सुकाणूवर जाणवते आणि वेग कमी केल्यावर बहुधा सावरता येते. मागची चाके घसरली तर मोटार गर्रकन फिरते. ओल्या घाटरस्त्यावर त्यातून सावरणे सामान्य चालकाच्या आवाक्यातले नसते.

नवे टायर बसविताना बॅलन्सिंग व व्हील अलाइनमेंट करून घ्यावे आणि हवा भरण्याचे वॉल्व्हही बदलावे. हवेचा आकडा टायरवरील कमाल मर्यादेवरून घेऊ नये; तो चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पत्रकावर दिलेला असतो व टायर थंड असताना मोजावयाचा असतो. हवा कमी असल्यास टायर दोन्ही कडांना झिजतो, अधिक असल्यास मधोमध. साधारण दर दहा हजार किलोमीटरांनी चाकांची अदलाबदल केल्यास झीज सारखी होते.

स्टेपनी

जादा चाकाला भारतात रूढ असलेला ‘स्टेपनी’ हा शब्द वेल्समधील लानेली गावच्या स्टेपनी रस्त्यावरून आला. तेथील डेव्हिस बंधूंनी १९०४ मध्ये मोटारीसाठी जादा चाक तयार केले होते. इंग्लंडमध्ये हा शब्द आता जवळजवळ विसरला गेला असून भारतात तो घरोघरी आहे. जुलै २०२० मधील नियमदुरुस्तीनुसार, टायरमधील हवेचा दाब दाखविणारी यंत्रणा आणि ट्यूबलेस टायर दुरुस्त करण्याचा संच असलेल्या मोटारींना स्टेपनीची सक्ती राहिलेली नाही. ज्या मोटारीत स्टेपनी आहे, तिच्यात तिचेही वय मोजावे लागते. वर्षानुवर्षे डिकीत राहिलेल्या टायरची नक्षी नवी दिसते, पण रबर जुनेच असते आणि हवा बहुधा उतरलेली असते.