निक्सी नळी आणि १७० व्होल्टांचा प्रश्न

मराठीच्या अध्यापकांनी विजेच्या दाबाविषयी लिहावे, हा थोडा आगाऊपणाच आहे याची आम्हाला जाणीव आहे. परंतु आमच्या महाविद्यालयाच्या पदार्थविज्ञान विभागाने गेल्या वर्षी भंगारात काढलेल्या एका वारंवारतामापकाने आम्हा दोघांपुढे असा काही प्रश्न टाकला, की तो वाङ्मयेतिहासाच्या वर्गातही आमची पाठ सोडीना. त्या यंत्राच्या दर्शनी भागावर काचेच्या सहा नळ्या होत्या. आतला ट्रान्सफॉर्मर जळालेला. विभागातील एका तरुण सहकाऱ्याला नळ्या काढून त्यांचे घड्याळ करायचे होते. निवृत्तीला आलेल्या सरांचे म्हणणे असे, की यंत्र दुरुस्त करा, नळ्यांना हात लावू नका. वाद आमच्या चहाच्या टेबलावर झाला, आणि पंच म्हणून आम्ही बसलो.

या नळीची कुळकथा रंजक आहे. १८९८ साली लंडनमध्ये विल्यम रॅम्से आणि मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी द्रवरूप हवेच्या घटकांतून एक नवा वायू वेगळा केला. त्यात वीज सोडताच तो लालभडक उजळला. ‘नवा’ या अर्थाचे नाव सुचवले ते रॅम्से यांच्या तेरा वर्षांच्या मुलाने. त्याने सुचवलेला शब्द लॅटिन होता, बापाने तो ग्रीक करून घेतला, आणि ‘निऑन’ रूढ झाले. १९१० साली जॉर्ज क्लोद यांनी पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात निऑनचे दिवे लावले. पुढे शहरांच्या रात्री त्या दिव्यांनी रंगवल्या हे सर्वश्रुत आहे.

निक्सी नळीत मात्र निऑनचे दुसरेच रूप कामाला येते. जाहिरातीच्या दिव्यात प्रकाश नळीभर पसरतो. इथे तो ऋणाग्राला साखरेच्या पाकासारखा चिकटून राहतो. म्हणून ऋणाग्राच्या तारेलाच अंकाचा आकार द्यायचा. शून्य ते नऊ असे दहा अंक पातळ धातूतून काढून एकामागे एक रचायचे, पुढे धनाग्राची बारीक जाळी, आणि ज्या अंकाला वीज मिळेल तोच पेटेल. पुढचे अंक मागच्या अंकाला जवळजवळ झाकत नाहीत. अमेरिकेतील बरोज कंपनीने १९५५ साली ही नळी बाजारात आणली. आराखड्यावर ‘अंकदर्शक, प्रायोगिक, क्रमांक एक’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे लिहिली होती, त्यांचेच ‘निक्सी’ झाले असे सांगतात. जर्मन लोककथांत निक्सी म्हणजे जलपरी! कचेरीतल्या संक्षेपातून अभावितपणे परी निघावी, हे भाषेच्या अभ्यासकाला सुखावणारे आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ही नळी पेटायला सुमारे १७० व्होल्टांचा एकदिश दाब लागतो. एकदा पेटली की १४० च्या आसपास ती तगून राहते, आणि प्रवाह बेसुमार वाढू नये म्हणून धनाग्रामागे एक रोध जोडावा लागतो. प्रवाह तो किती? एका नळीला दोन-अडीच मिलिअँपिअर. सहा नळ्यांचा हिशेब केला तर १८० व्होल्टांच्या पुरवठ्यावर तीन वॉटही भरत नाहीत. घरातल्या साध्या एलईडी दिव्याहून कमी. म्हणजे प्रश्न शक्तीचा नाहीच, दाबाचा आहे.

आणि १९५५ साली तो प्रश्नही नव्हता! त्या काळातील उपकरणे निर्वात नळ्यांवर चालत आणि निर्वात नळ्यांना दोनशे-अडीचशे व्होल्ट सहज लागत. तो दाब यंत्रात आधीपासूनच खेळत होता. निक्सी पाहुणी म्हणून आली आणि घरच्या चुलीवर तिची पोळी भाजून झाली. १९६१ साली इंग्लंडमध्ये निघालेला ‘अनिता’ हा टेबलावरचा इलेक्ट्रॉनिक गणकही अशा वायुनळ्यांवरच चाले. पुढे ट्रान्झिस्टरने घर बदलले. एकात्मिक मंडले पाच व्होल्टांत भागवू लागली. १९६२ साली लाल प्रकाश देणारा एलईडी आला आणि सत्तरच्या दशकात सात रेघांचे अंक सर्वत्र झाले. नळी जुनी झाली हे खरे, पण तिच्या भोवतालचा दाब तिच्याआधी गेला, असे आम्हाला वाटते. सोव्हिएत देशांत तिचे उत्पादन पश्चिमेपेक्षा पुष्कळ काळ टिकले, आणि १९९१ नंतर तिथल्या गोदामांतील न वापरलेल्या नळ्या जगभरच्या हौशी मंडळींच्या हाती लागल्या. त्यांतील काहींत पाचाचा अंक म्हणजे उलटा केलेला दोन आहे. काटकसर अशी, की तिला दाद द्यावी!

तेव्हा घरी घड्याळ करणाऱ्यासमोर कोडे उभे राहते ते असे: घड्याळाचे गणित पाच व्होल्टांत, आणि अंक १७० व्होल्टांत. अमेरिकेत १२० व्होल्टांची घरगुती वीज एकदिश केली की शिखर नेमके १७० च्या आसपास येते, त्यामुळे तिथे थेट भिंतीतून दाब घेण्याचा मोह होतो. आपल्याकडे २३० व्होल्टांचे शिखर सव्वातीनशेपर्यंत जाते. दोन्हीकडे हा मोह घातकच. मध्ये ट्रान्सफॉर्मर नसेल तर घड्याळाच्या प्रत्येक स्क्रूशी जिवाची गाठ. शहाणा मार्ग म्हणजे बारा व्होल्टांच्या अडॅप्टरपासून दाब चढवणे. तारेच्या वेटोळ्यातून वाहणारा प्रवाह अचानक तोडला, की वेटोळे तो चालू ठेवण्याचा हट्ट धरते आणि त्या हट्टापायी दाब उसळतो. पाण्याचा नळ झटकन बंद केल्यावर पाइपाला धक्का बसतो, तसेच. हा गुण जोसेफ हेन्री यांनी १८३२ साली नोंदवला. जुन्या मोटारींतील रेडिओ कंप पावणाऱ्या पट्टीने बॅटरीचा प्रवाह तोडून ट्रान्सफॉर्मरमधून दाब चढवीत. आज एक छोटा ट्रान्झिस्टर तोडण्याचे काम सेकंदाला हजारो वेळा करतो, डायोड उसळी परत फिरू देत नाही आणि धारित्र ती साठवते. (वीज बंद केल्यावरही ते धारित्र काही काळ झटका देऊ शकते, ही सूचना सरांनी आम्हाला तीनदा दिली.)

चहाच्या टेबलावर आमच्या मनात आली ती जात्यावरची ओवी. ओव्या गोळा करणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे, की म्हातारीला नुसते ‘ओवी म्हणा’ म्हटले तर ती अडखळते. खुंट्याला हात लागला, की ओवी येते. गिरणी आली आणि दळण गेले. ओवीचा तो दाब गेला. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी ऐंशीच्या दशकापासून गावोगाव जाऊन हजारो ओव्या जमवल्या, त्या उतरल्या कागदावर आणि ध्वनिफितीवर. आपण वर्गात त्या शिकवतो त्या अडॅप्टरवर चढवलेल्या दाबाने. हे कमअस्सल आहे का? सरांचे उत्तर ‘हो’ असे होते. नळी तिच्या यंत्रात राहिली तर तिला अर्थ. घड्याळात ती शोभेची बाहुली. शिवाय घड्याळांच्या हौसेपायी चालू यंत्रेही मोडली जातात, हा त्यांचा राग आम्हाला रास्त वाटतो. तरुण सहकारी म्हणाला, “सर, यंत्र भंगारवाल्याकडे गेलं तर नळ्या फुटणार. मग अर्थ कुणाला?”

आम्ही निकाल तरुणाच्या बाजूने दिला. पूर्ण समाधानाने दिला असे म्हणवत नाही. सहापैकी चार नळ्या स्वच्छ पेटल्या. उरलेल्या दोहोंत काही अंक अर्धवटच उजळले. फार काळ न पेटवलेल्या अंकावर शेजारच्या अंकांचे धातुकण बसतात आणि तो हळूहळू मुका होतो, असे कळले. घड्याळात तासांच्या दशकस्थानी शून्य, एक आणि दोन एवढेच येणार. तीन ते नऊ यांना कामच नाही. म्हणून आता रोज पहाटे तीनला ते सगळे अंक पाळीपाळीने काही मिनिटे पेटतात. पाहायला अर्थात कुणी नसते.

वारंवारतामापकाची रिकामी पेटी सरांनी टाकू दिलेली नाही. डेडस्टॉक रजिस्टरात तिची नोंद अजून तशीच आहे, आणि शेऱ्याच्या रकान्यात काय लिहायचे हे आम्हाला विचारले गेले आहे.