धूर आणि मीठ

गेल्या दिवाळीत भाच्याने मालवणच्या घरी एक धूड आणून मागच्या परसात उभं केलं. याला म्हणतात ऑफसेट स्मोकर. जाड लोखंडाचं आडवं पिंप, त्याच्या एका टोकाला जरा खालच्या अंगाला जोडलेली चौकोनी पेटी आणि दुसऱ्या टोकाला धुराडं. लाकडं पेटवायची पेटीत, मासा किंवा मटण ठेवायचं पिंपातल्या जाळीवर. जाळ अन्नाखाली नसतोच. गरम हवा आणि धूर पिंपातून आडवे वाहत धुराड्याकडे जातात आणि जाता जाता, सावकाश, चार-सहा तासांत काम उरकतात. कुडाळच्या एमआयडीसीत एकाला इंटरनेटवरचं चित्र दाखवून त्याने हे बनवून घेतलं होतं.

शेजारच्या काकी बघायला आल्या. मच्छी सुकवण्यात त्यांची हयात गेलेली. त्यांनी झाकण उघडून आत डोकावलं, नाकाला पदर लावला आणि विचारलं, "माशाक धूर कित्याक? मीठ संपला काय?"

आम्ही सगळे हसलो. पण मंडळी, विचार केला तर प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे. स्कॉटलंडपासून मालदीवपर्यंत लोक मासा धुरात टिकवत आले. आपल्या किनाऱ्यावर एवढा बांगडा, एवढी तारली, आणि तरी धुरावर टिकवलेल्या माशाचं आपल्याकडे साधं नावही नाही. सुको बांगडो आहे, खारो बांगडो आहे, सुकी सुंगटं आहेत, गोलमो आहे. धुराचा एकही नाही. का बरं?

आधी यंत्राची गोष्ट संपवतो. नव्या स्मोकरमध्ये पहिल्याच दिवशी मासा ठेवायचा नसतो. आतून खायच्या तेलाचा पातळ हात फिरवायचा आणि दोन-तीन तास नुसता जाळ घालायचा. कारखान्यातलं ग्रीस, धूळ, वेल्डिंगचा वास जळून जातो आणि तेलाचा काळा थर बसतो. बिडाचा तवा वळवतात तसंच. आपल्या खाऱ्या हवेत हा थर नसेल तर पहिल्या पावसातच गंज धरेल. धुराड्याचं झाकण पूर्ण उघडं ठेवायचं आणि आच कमी-जास्त करायची ती पेटीच्या झडपेने. धुराडं बंद केलं की धूर आत कोंडतो आणि मासा कडू होतो. पांढरा दाट धूर वाईट, डोळ्याला जेमतेम दिसणारा निळसर धूर चांगला. लाकूड वर्षभर वाळलेलं आंब्याचं वापरलं. नारळाची सोडणं घातली तर धूर भरपूर, पण आच टिकत नाही. काजूच्या बियांची टरफलं मात्र चुकूनही नकोत. ज्या तेलाने बिया फोडणाऱ्या बायकांच्या हाताला फोड येतात, ते तेल धुरातही उतरतं.

तेलाच्या विहिरींचे जाड पाइप कापून टेक्सासच्या वेल्डरांनी अशी यंत्रं बनवायला सुरुवात केली असं सांगतात. असेलही. पण जाळ एकीकडे आणि भांडं दुसरीकडे ही युक्ती आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या स्वयंपाकघरात होती. वैल आठवतेय? चुलीच्या बाजूला चिकटून असलेलं धाकटं तोंड. त्यात लाकूड घालत नसत. चुलीतला जाळ मधल्या भोकातून तिकडे जायचा आणि त्या मंद आचेवर पेज, डाळ, नाहीतर दूध निवांत बसायचं. भाच्याला हे सांगितलं तर म्हणाला, "मामा, म्हणजे आजी ऑफसेटवरच जेवण करायची!" अगदी तसंच नाही, वैलीत धुराचं काम नसतं. पण नातं जवळचं आहे.

आता काकींच्या प्रश्नाकडे. मासा कुजतो तो पाण्यामुळे. ते काढायला ऊन, वारा, मीठ नाहीतर आग लागते. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर उन्हाचा भरवसा नाही, म्हणून तिथे हॅडॉकसारखे मासे जोडी-जोडीने बांधून पिंपात टांगतात आणि खाली लाकूड जाळतात. मालदीवचं ऊन आपल्यासारखंच, पण तिथला मासा वेगळा. इब्न बतूता १३४३-४४ मध्ये तिथे काझी होता. तिथले लोक मासा चार तुकड्यांत कापून, थोडा उकडून, झापांच्या टोपल्यांत धुरावर टांगतात आणि तो भारत, चीन, येमेनपर्यंत जातो असं त्याने लिहून ठेवलंय. आपल्या लक्षद्वीपचा मासमीन त्याच घराण्यातला. कुप्याचे जाड तुकडे नुसत्या उन्हात आतपर्यंत सुकणार नाहीत, म्हणून उकडणं आणि धूर, असा माझा अंदाज.

आपला मासा छोटा, आणि आपल्याला ऑक्टोबर ते मे असं आठ महिने कोरडं ऊन. सुंगटं आणि जवळा तर मिठाशिवायही वाळतात. बांगड्याला मात्र मीठ हवंच. तो तेलकट मासा, नुसता वाळवला तर खवट होतो. पोट चिरून, साफ करून, मीठ भरून थर लावायचे, पाणी सुटू द्यायचं आणि मग ऊन. आणि मीठ तर हाकेच्या अंतरावर, शिरोड्याच्या मिठागरांत, नाहीतर पलीकडे गोव्यात. धुराची गरजच कुणाला होती?

पण हे हाकेवरचं मीठ इंग्रजांच्या राज्यात आपलं राहिलं नाही. १८८२ साली मिठावरचा कर मणाला दोन रुपये होता. मण म्हणजे सुमारे ३७ किलो. १८८८ मध्ये तो अडीच रुपये झाला. घरात आमटीला चिमूटभर मीठ लागतं, तिथे कर पोटात घालता येतो. बांगडा खारवायला मीठ टोपलीने लागतं, तिथे कर माशापेक्षा महाग पडतो. फ्रान्सिस डे या इंग्रज मत्स्यतज्ज्ञाने १८७३ च्या आपल्या अहवालात हेच म्हटलं होतं की मिठाच्या करामुळे मासे खारवण्याचा धंदा मार खातोय.

शेजारच्या गोव्यातलं स्वस्त मीठ चोरून येऊ नये म्हणून इंग्रजांनी काय करावं? २६ डिसेंबर १८७८ ला पोर्तुगालशी करार केला आणि गोव्यातली मिठागरंच आपल्या ताब्यात घेतली. करार १८८० ते १८९२ चालला. म्हणजे ती बारा वर्षं तेरेखोलच्या खाडीपलीकडचं मीठसुद्धा इंग्रजांच्या हिशेबात होतं. मला हा सगळ्या गोष्टीतला सर्वात चीड आणणारा भाग वाटतो.

कोळ्यांसाठी सवलत म्हणून सरकारने मासे खारवण्याची कुंपणं उघडली. तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातही ती होती (सिंधुदुर्ग वेगळा झाला १ मे १९८१ ला). तिथे मीठ स्वस्त मिळायचं, पण मासा कुंपणाच्या आत आणून आतच खारवायचा. मीठ बाहेर न्यायचं नाही. रात्री उशिरा होड्या लागल्या, मासा भरपूर आला, तरी आपल्या अंगणात आपल्या मासळीला मीठ लावण्याची मुभा नाही. मासा काही कारकुनाच्या वेळेप्रमाणे कुजत नाही!

म्हणून १२ मे १९३० ला शिरोड्याला सत्याग्रह झाला, तेव्हा तो इथल्या माणसाला नुसता दांडीचा प्रतिध्वनी वाटला नसणार. (वि. स. खांडेकर तेव्हा तिथेच शाळामास्तर होते.) शेकडो सत्याग्रही मिठागरांवर चालून गेले, लाठ्या खाल्ल्या, तुरुंगात गेले. त्या वेळी कर मणाला सव्वा रुपया होता. तो रद्द व्हायला १९४७ उजाडलं.

आणि हो, धूर आपल्याकडे नव्हता असं नाही. तो घरात होता, आणि फार होता. चुलीवरच्या माळ्यावर पावसाची बेगमी असायची: नारळ, लाकडं, आणि सुक्या मासळीच्या टोपल्याही, आषाढाची ओल लागू नये म्हणून. म्हणजे धूर मासा टिकवत होताच, पण ते काम कुणी मोजलं नाही, कारण त्या धुराखाली बसणारीचंही काम कुणी मोजत नव्हतं. माझ्या आजीचे डोळे कायम लाल असायचे. आम्ही पुरुष आता हौसेने उघड्या परसात, वाऱ्याच्या उलट दिशेला खुर्ची टाकून धुराची मजा घेतो, तेव्हा काकींनी नाकाला पदर का लावला हे मला नीट समजतं. त्यांच्या घरी गॅस आला तेव्हा त्यांनी चूल फोडून टाकली होती. वैलीसकट.

असो. आमचा प्रयोग असा झाला. बांगडे साफ करून, जाड मिठाच्या पाण्यात दोन तास. मग पुसून वाऱ्यावर, कातडी हाताला किंचित चिकट लागेपर्यंत. ओल्या माशावर धूर बसत नाही, आंबट पाणी होतं. मग ९० अंशांच्या आसपास दोन-अडीच तास. रंग काजूच्या बोंडासारखा पिवळा-तांबूस. हा मासा टिकाऊ नाही बरं का, खारोसारखा महिनोनमहिने राहणार नाही. फ्रीजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवायचा. आम्ही त्यातले दोन कुस्करून, खोबरं, कांदा आणि सोलाचं पाणी घालून किसमूर केली. खाऱ्या बांगड्याची होते तशी खणखणीत नाही झाली, मऊ झाली. काकींना वाटीभर पाठवली. वाटी धुऊन परत आली ती रिकामी नव्हती, त्यात चार खारे बांगडे होते.