उत्तर न येण्याचा अर्थ

परीक्षेच्या गुणपत्रकांत 'शून्य' आणि 'गैरहजर' या दोन निरनिराळ्या नोंदी असतात. पहिलीचा अर्थ, विद्यार्थी आला पण त्यास कांहीं लिहितां आलें नाहीं; दुसरीचा अर्थ, तो आलाच नाहीं. हा भेद कोणास समजावून सांगण्याची गरज आम्हांस इतक्या वर्षांच्या अध्यापनांत कधीं भासली नाहीं. परंतु ज्याचा वाचक मनुष्यच नाहीं असें माहितीपुस्तक लिहावयाचें झालें, तर हाच भेद पहिल्या पानावर स्पष्ट करावा लागतो. संगणकांवर देखरेख ठेवणाऱ्या साधनांचीं माहितीपुस्तकें आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एजंटांसाठीं लिहिलीं जात आहेत. या लेखनामागें अर्ध्या शतकाचा इतिहास आहे, आणि तो आजच्या लेखकास बराच उपयोगी पडेल असें आम्हांस वाटतें.

संगणकाच्या आज्ञांचें पुस्तक कसें असावें याचा नमुना यूनिक्सच्या पहिल्या पुस्तिकेनें घालून दिला. केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं बेल प्रयोगशाळेंत रचलेल्या या पुस्तिकेवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. प्रत्येक आज्ञेस स्वतंत्र पान; त्यांत नांव, वापरण्याची रीत, वर्णन आणि 'बग्ज', म्हणजे दोष, असें एक कलम. आपल्या कृतींतील उणीव आपणच छापून ठेवण्याची ही चाल मोठी प्रामाणिकपणाची होती. वर्णन मात्र पुष्कळदां अगदीं त्रोटक असे. त्यानें अडत नसे, कारण आज्ञा कोणाची हें त्या पानावरच दिलेलें असे. शंका आल्यास कर्त्यास गांठून विचारतां येई.

पुढें संगणक वाढले आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणें हाच एक स्वतंत्र उद्योग झाला. गूगलमध्यें २००३ सालीं बोर्ग नांवाची व्यवस्था उभी राहिली व लवकरच तिच्या देखरेखीसाठीं बोर्गमॉन हें साधन तयार झालें. गूगलमधून बाहेर पडलेल्या मॅट प्राउड व ज्युलियस व्होल्झ यांनीं २०१२ सालीं साउंडक्लाउड कंपनींत त्याच धर्तीवर प्रोमीथिअस रचण्यास आरंभ केला. २०१६ सालीं क्लाउड नेटिव्ह कम्प्युटिंग फाउंडेशननें तें आपल्या छत्राखालीं घेतलें, आणि त्याचा प्रसार सर्वत्र झाला. हें साधन ठराविक अंतरानें प्रत्येक यंत्राकडून आंकडे गोळा करतें, वेळेसह नोंदून ठेवतें, आणि प्रॉमक्यूएल नांवाच्या भाषेंत विचारलेल्या प्रश्नांस त्यांतून उत्तरें देतें.

आतां गुणपत्रकाकडे वळूं. समजा, 'गेल्या पांच मिनिटांत किती विनंत्या फसल्या?' असा प्रश्न केला आणि उत्तराची यादी रिकामी आली. याचे निदान तीन अर्थ संभवतात. एक, कांहींच फसलें नाहीं. कारण अपयशाचा गणक पुष्कळदां पहिलें अपयश घडेपर्यंत जन्मासच येत नाहीं. दुसरा, प्रश्नांत गणकाचें नांव चुकीचें लिहिलें गेलें. तिसरा, यंत्रच बंद पडलें असून त्याचे आंकडे येणें थांबलें आहे. मौज अशी कीं तिन्ही वेळां उत्तराच्या माथ्यावर 'सक्सेस' हाच शब्द असतो. कारण व्याकरणदृष्ट्या प्रश्न शुद्ध होता व त्याचें उत्तर दिलें गेलें. म्हणजे सुदैव, प्रमाद आणि अनर्थ हे तिघे एकाच वेषांत दाराशीं उभे राहतात.

अनुभवी मनुष्य येथें फसत नाहीं. तो आलेखाकडे पाहतो, त्याची रेघ मध्येंच तुटलेली त्यास दिसते, आणि तो शेजाऱ्यास विचारतो. पुस्तकांत न लिहिलेलें ज्ञान त्याच्या संवयींत असतें. एजंटाचें तसें नाहीं. नोव्हेंबर २०२४ मध्यें अँथ्रॉपिक कंपनीनें मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल प्रसिद्ध केला. त्यांत प्रत्येक साधनाचें नांव, वर्णन आणि त्यास काय पुरवावयाचें याची रचना एजंटापुढें ठेवली जाते. जगाविषयीं त्याचें सामान्य वाचन अफाट असेल, पण या विशिष्ट घरांतील गणकांचीं नांवें त्यास त्या वर्णनावरून किंवा विचारूनच कळणार. मौन म्हणजे संमति या न्यायानें रिकाम्या यादीस 'सर्व क्षेम आहे' असें समजून त्यानें अहवाल दिला, तर रात्रीं दोन वाजतां कोणास उठवावयाचें तो उठविलाच जाणार नाहीं.

म्हणून अशा पुस्तकाच्या लेखकानें काय लिहावें हें उघड आहे. आधीं नांवांची यादी मागावी, मग प्रश्न करावा. काळ सेकंदांत आहे कीं मिलिसेकंदांत, हें सांगावें. एका मालिकेस ११,००० हून अधिक बिंदु मागितल्यास प्रोमीथिअस नकार देतें, तेव्हां अंतर वाढवावें. आणि मुख्य म्हणजे, यादी रिकामी आल्यास 'अप' ही मालिका पाहावी: तिचें मूल्य १ असल्यास यंत्राकडून आंकडे मिळत आहेत, ० असल्यास तो प्रयत्न फसला आहे. याच भाषेंत 'अ‍ॅब्सेंट' नांवाचें एक फलन आहे. तें मालिकेची गैरहजेरी हीच एक नोंद करून दाखवितें. अध्यापकाच्या गुणपत्रकांतला शब्द येथें अक्षरशः आला आहे.

यांत नवें असें फारसें नाहीं. १९७१ च्या पुस्तिकेंतील दोषांचें कलम हेंच सांगत होतें कीं साधन कोठें फसवितें हें ज्यानें तें घडविलें त्यानेंच सांगावें. मध्यंतरीं वाचक चतुर असल्यामुळें लेखकांचा आळस खपून गेला. आतां असा वाचक आला आहे कीं ज्यास शेजारी नाहीं, आणि जो शंका न घेतां पुढें जाऊं शकतो. त्याच्यासाठीं नीट लिहिलेलें पान उद्यां नोकरीस लागणाऱ्या नवख्या माणसासही तितकेंच उपयोगी पडेल. आणि त्याचाही विसर पडूं नये, असें आम्हांस वाटतें.