एका बँकेच्या मरणाच्या तीन तारखा

‘बँक ऑफ बॉम्बे’ केव्हा बुडाली? एका ओळीत उत्तर मिळायला हवे असा हा प्रश्न. पण त्याला तीन तारखा सांगितल्या जातात. मुंबईच्या आठवणीत कोरली गेली ती १ जुलै १८६५, शेअरबाजार कोसळला तो दिवस. बँकेच्या नाशासाठी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांना दोष देणारे लेखक १८६६ चे साल देतात. आणि जुनी बँक गुंडाळून नवी उभी राहिली ती जानेवारी १८६८ मध्ये. एकाच संस्थेच्या मरणाच्या तारखांत अडीच वर्षांचे अंतर पडत असेल, तर त्या तारखांखालचे कागद एकेक करून वाचणे भाग आहे.

पहिला कागद जन्माचा. बँक सुरू झाली १५ एप्रिल १८४० रोजी. भांडवल ५२ लाख २५ हजार रुपये, त्यात सरकारचे ३ लाख. कोलकात्याची बँक ऑफ बेंगाल, ही मुंबईची आणि १८४३ ची मद्रासची, अशा या तीन ‘इलाखा बँका’. त्यांच्या सनदांत आणि कायद्यांत काय करायला मुभा आहे यापेक्षा काय करायला मनाई आहे ते अधिक बोलके ठरते. कर्जाची मुदत तीन महिन्यांची. रकमेला वरून मर्यादा. तारण म्हणून चालत ते सरकारी रोखे, ज्यांना बाजार ‘कंपनी कागद’ म्हणे. तसेच सोने-चांदी, जवाहीर, किंवा न नासणारा माल. कापसाच्या गाठी गहाण ठेवता येत, पण एखाद्या नव्या कंपनीचा शेअर ठेवून पैसे उचलता येत नसत. ही भिंत बांधणाऱ्यांना ठाऊक होते की गाठ गोदामात मोजता येते, अपेक्षा मोजता येत नाही.

दुसरा कागद १८६१ चा, कागदी चलनाचा कायदा. त्याने इलाखा बँकांचा स्वतःच्या नोटा काढण्याचा हक्क १ मार्च १८६२ पासून काढून घेतला आणि भरपाई म्हणून सरकारी शिल्लक सांभाळण्याचे काम दिले. नोटांचे उत्पन्न गेले आणि सरकारी पैसा हाती आला, तेव्हा बँकेला नवा कायदा हवा झाला. तो आला मुंबई सरकारच्या १८६३ च्या १० व्या कायद्याने. या तपासात मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा कागद हाच. जुने निर्बंध त्यात सैल झाले आणि कंपन्यांच्या शेअरांवर कर्ज देण्याची वाट मोकळी झाली. भांडवल वाढवण्याची मुभाही मिळाली. ती कुठवर गेली हे साध्या गुणाकाराने कळते: ५२.२५ लाखांची चौपट होते २०९ लाख, आणि पुढच्या चौकशीत बँकेचे भांडवल नेमके तेवढेच, २ कोटी ९ लाख, नोंदलेले आहे. १८४० च्या मूळ भांडवलावर दोन वेळा दुपटीचा हिशेब झाला, असे अनुमान या आकड्यावरून करता येते. भांडवल चौपट झाले आणि त्याच कायद्याने ते सांभाळणारी भिंत पाडली.

आता मुंबईबाहेर पाहायला हवे, कारण हा कायदा ज्या वर्षी झाला त्या वर्षी जगात काय चालले होते हे त्याच्या मजकुरात कुठेही नाही. अमेरिकेत एप्रिल १८६१ मध्ये यादवी युद्ध सुरू झाले आणि उत्तरेच्या सरकारने दक्षिणेची बंदरे कोंडली. ३० डिसेंबर १८६१ रोजी न्यूयॉर्कच्या बँकांनी नोटांच्या बदल्यात सोने-चांदी देणे थांबवले. तिकडच्या पेढ्या ओस पडत होत्या त्याच काळात मुंबईच्या पेढ्या भरू लागल्या, कारण लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना. लिव्हरपूलला अमेरिकन कापसाचा दर १८६० च्या सुमारास पौंडाला ६-७ पेन्स होता. १८६४ च्या उन्हाळ्यात तो ३० पेन्सच्या आसपास पोचला. मुंबईच्या बंदरातून जाणाऱ्या प्रत्येक खंडीमागे चांदी परत येऊ लागली.

ही चांदी किती आत झिरपली? आमच्या बीदर-कलबुर्गी पट्ट्याकडून पाहिले तर दोन तारखा मदतीला येतात. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे सोलापूरला पोचली १८६० मध्ये, आणि कलबुर्गीवरून पुढे रायचूरपर्यंत गेली १८७१ मध्ये. म्हणजे कापसाच्या तेजीची सगळी वर्षे सोलापूर हेच या बाजूचे शेवटचे स्टेशन होते. बीदरकडच्या कमठाण्यासारख्या गावापासून तिथवर बैलगाडीची वाट, मधे निजामाची हद्द, नाणेही वेगळे, हाली सिक्का. तेजीचा लाभ या मुलखात पोचला असेल तर तो सोलापूरच्या आडत्यांच्या हातून, घटत घटत पोचला असणार. हे माझे अनुमान. रेल्वेच्या तारखा मात्र पक्क्या आहेत.

मुंबईत त्या चांदीचे काय झाले याला दोन साक्षी आहेत, आणि त्या वेगवेगळ्या जातीच्या आहेत. एक, एस. एम. एडवर्ड्‌स यांनी संपादिलेले मुंबई शहराचे गॅझेटियर, १९०९-१० चे. दुसरी, दिनशा वाच्छा यांचे शहराच्या आर्थिक इतिहासावरचे पुस्तक, १९१० चे. गॅझेटियरला सरकारी दप्तराचा आधार आहे, पण सरकारी ग्रंथ सरकारच्या चुका हळू आवाजात सांगतो हे धरून चालावे. वाच्छांचा जन्म १८४४ चा. बाजार कोसळला तेव्हा ते विशीत होते. त्यांनी ते शहर डोळ्यांनी पाहिले, पण लिहिले पंचेचाळीस वर्षांनी. म्हणून लोकांच्या मनःस्थितीसाठी वाच्छा आणि आकड्यांसाठी गॅझेटियर, अशी वाटणी मी करतो.

गॅझेटियरमधली जानेवारी १८६५ ची मोजदाद पाहा: ३१ बँका, १६ ‘फायनान्शियल असोसिएशन’, ८ जमीन कंपन्या, १६ कापूस दाबणाऱ्या प्रेस कंपन्या, १० जहाज कंपन्या, २० विमा कंपन्या आणि इतर ६२ संयुक्त भांडवली कंपन्या. बेरीज १६३. पैकी प्रेस आणि जहाज या २६ कंपन्यांचा कापसाशी सरळ संबंध दिसतो. बँका आणि असोसिएशने मिळून ४७, म्हणजे जवळजवळ दुप्पट. कापूस वाहणाऱ्यांपेक्षा पैसा फिरवणारे अधिक झाले होते.

फिरणाऱ्या पैशाची दिशा बॅक बे रेक्लमेशन कंपनीने दाखवली. समुद्र बुजवून जमीन काढायची ही योजना. शेअरची दर्शनी किंमत ५,००० रुपये. १८६४ मध्ये ४०० शेअर लिलावात निघाले आणि १ कोटी ६ लाख रुपये आले. भागाकार केला की शेअरामागे २६,५०० पडतात, दर्शनी किमतीच्या पाचपटीहून जास्त. असा शेअर आता बँकेत तारण म्हणून चालत होता. समुद्र बुजवून काढायच्या जमिनीचा कागद कंपनी कागदाच्या जागी आला.

या सगळ्यांच्या मध्यभागी एक माणूस उभा आहे. प्रेमचंद रायचंद, जन्म १८३१, सुरतेचे. कापूस आणि शेअर दोन्हींचे दलाल. बँकेचे सेक्रेटरी जेम्स ब्लेअर यांच्यावर त्यांचा मोठा प्रभाव होता आणि बँकेचा पैसा त्यांच्या शब्दावर बाहेर पडत होता, हे पुढच्या चौकशीतून समोर आले. त्याच माणसाने १८६४ मध्ये मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी २ लाख आणि आईच्या नावाच्या मनोऱ्यासाठी आणखी २ लाख रुपये दिले. १८७८ मध्ये पुरा झालेला राजाबाई टॉवर त्या देणगीचा. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत, आणि इतिहासाने दोन्ही नोंदवाव्यात.

९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचे जनरल ली शरण आले. अमेरिकेचा कापूस पुन्हा बाजारात येणार हे कळताच मुंबईतला आधार सुटला. हजारो वायदे पुरे करण्याचा दिवस होता १ जुलै. त्या दिवशी घेणाऱ्यांकडे पैसा नव्हता, म्हणून देणाऱ्यांनाही मिळाला नाही. एकाचे दिवाळे दुसऱ्याच्या दारात गेले. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारख्या विद्वानाची कमाईही शेअरांत गेली. जगन्नाथ शंकरशेट त्याच महिन्याच्या ३१ तारखेला वारले. जुन्या मुंबईचा एक काळ त्या जुलैत संपला असे वाटते, पण हा भाव झाला, पुरावा नव्हे. ३१ जुलैचा १ जुलैशी कार्यकारणसंबंध जोडण्याचा मोह मी टाळतो.

पहिल्या तारखेचा निकाल इथे लागतो. १ जुलै १८६५ ला बाजार मेला. बँक ऑफ बॉम्बेचे दरवाजे त्यानंतरही उघडे राहिले, सरकारचा पैसा तिच्याकडेच राहिला आणि तिच्यावरचा विश्वासही बराचसा टिकला. लोकांच्या आठवणीने बाजार आणि बँक यांची तारीख एकच केली आहे.

दुसरी तारीख लंडनहून आली. १० मे १८६६ रोजी ‘ओव्हरएंड, गर्नी’ या बड्या पेढीने देणी थांबवली. जूनमध्ये ‘आग्रा अँड मास्टरमन्स बँक’ बंद पडली, आणि तिच्या शाखा हिंदुस्थानात होत्या. इराणच्या आखातातून तार १८६५ पासूनच सुरू झाली होती, त्यामुळे लंडनची भीती आता बोटीची वाट पाहत नव्हती. मुंबईच्या ठेवीदारांनी बँकांकडे धाव घेतली. दोन वर्षांपूर्वी ज्या शहराने शेअर घेण्यासाठी रांगा लावल्या तेच शहर ठेवी काढण्यासाठी उभे राहिले. जिच्या पाठीशी सरकार आहे असे मानले जाई त्या बँकेवरही झुंबड उडाली. १८६६ हे बँकेची पत मेल्याचे साल आहे, एवढे खात्रीने म्हणता येते. पण पत गेली तरी बँक चालू होती.

तिसरी तारीख, जानेवारी १८६८, ही दप्तराची. जुनी बँक अवसायनात गेली आणि १ कोटीच्या भांडवलाची ‘न्यू बँक ऑफ बॉम्बे’ उभी राहिली. कधीकाळी २,८५० रुपयांना गेलेला जुन्या बँकेचा शेअर ८७ रुपयांवर आला होता. शंभरातले तीन रुपये उरले.

त्याच वर्षी सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला गेला. अहवाल १८६९ चा. त्यात नोंदलेला तोटा सुमारे १ कोटी ८९ लाख रुपयांचा. हा आकडा २ कोटी ९ लाखांच्या शेजारी ठेवा. वजाबाकीत सुमारे २० लाख उरतात. तोटा भांडवलापेक्षा कमी होता, याचा अर्थ घाव भागधारकांवर पडला आणि ठेवींपर्यंत पोचला नाही. १८६६ साली दारात उभ्या राहिलेल्या ठेवीदाराला ही वजाबाकी ठाऊक असण्याची सोय नव्हती. त्याची भीती खोटी ठरली, पण मूर्खपणाची नव्हती: दहा रुपयांतले नऊ खरोखरच गेले होते, आणि ते कुणाचे हे त्याला कुणी सांगितले नव्हते.

आयोगाने कारणे क्रमाने मांडली आहेत. १८६३ चा कायदा. त्यातल्या अधिकारांचा दुबळ्या आणि तत्त्वहीन सेक्रेटरींकडून झालेला दुरुपयोग. संचालकांची बेपर्वाई आणि अपात्रता. काळाची असाधारण परिस्थिती. आणि चांगल्या कायदेशीर सल्ल्याचा अभाव. आयोग सरकारनेच नेमलेला होता, म्हणून सरकारविषयीची त्याची साक्ष जपून घ्यावी. तरीही यादीच्या आरंभी त्याने सरकारच्याच विधिमंडळाचा कायदा ठेवला, आणि काळाची असाधारण परिस्थिती मागे ठेवली. स्वतःच्या घराविरुद्ध जाणारी साक्ष म्हणून या क्रमाचे वजन मला जास्त वाटते. अमेरिकेतले युद्ध, लीची शरणागती, लंडनची पेढी ही वादळे होती; आयोगाची नजर आधी पाडलेल्या भिंतीकडे गेली.

या वाचनाची परीक्षा घेणारा एक कागद अजून उरतो. १८७६ च्या ११ व्या कायद्याने तिन्ही इलाखा बँकांना एकाच चौकटीत आणले. सरकारने आपले भागभांडवल काढून घेतले. कर्जाची मुदत सहा महिन्यांवर बांधली गेली आणि स्थावर मालमत्तेच्या तारणाला मज्जाव झाला. कायदा करणारे इतिहास लिहीत नसतात, पण काय मोडले होते हे त्यांनी दुरुस्त केलेल्या जागेवरून कळते. दुरुस्ती १८६५ च्या वायद्यांची नव्हती, १८६६ च्या झुंबडीचीही नव्हती. ती १८६३ मध्ये खुल्या केलेल्या दाराची होती.

म्हणून तीन तारखांपैकी प्रत्येक खरी आहे: १८६५ मध्ये बाजार गेला, १८६६ मध्ये पत गेली, १८६८ मध्ये नाव गेले. बँक मात्र, माझ्या मते, त्या आधीच, चौथ्या तारखेला गेली होती. ती कुठल्याही आठवणीत नाही, कारण त्या दिवशी कुणाचे दिवाळे वाजले नाही. कापसाला भाव होता, शहरात चांदी उतरत होती, आणि १० व्या कायद्यावर सही झाली.