वाढलेलं कांकण

सुर्ल्याला समुद्र नाही, मांडवी आहे. समुद्र भेटायचा तो मे महिन्यात, पेडण्यातल्या केरीला, मावशीकडे. ओहोटी लागली की आम्ही भावंडं काचा वेचायला धावायचो. हिरव्या, तपकिरी, क्वचित निळ्या. कडा वाळूने बोथट केलेल्या, अंगावर मिठासारखी धुरकट साय. बहुतेक बाटल्यांच्याच. एकदा मात्र बोटाच्या पेराएवढा, कमानीसारखा वळलेला हिरवा तुकडा मिळाला. आजीने तो उन्हाकडे धरला. म्हणाली, "कोणाचं तरी कांकण वाढलं गो हे."

फुटलं नव्हे, वाढलं. तुटण्याचा उच्चारसुद्धा जिच्याबाबत आपण टाळतो, ती ही काचेची बांगडी. पण आपल्या मनगटावर ती वाटते तितकी जुनी नाही. सातवाहनकाळच्या थरांत काचेचे मणी भरपूर सापडतात; बांगडी तेव्हा बरीचशी शंखाची. काचेच्या बांगड्यांचा खरा पूर आला तो बहामनी काळात. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत 1945-46 साली ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केलं, तेव्हा त्या काळच्या थरात रंगीबेरंगी काचेच्या बांगड्यांचे तुकडे हाती लागले. दीक्षितांनी पुढे भारतीय काचेचा अख्खा इतिहास लिहिला. तो 1969 मध्ये प्रसिद्ध झाला. खापरं आणि नाणी सांभाळणाऱ्यांच्या जगात या माणसाने फुटक्या बांगड्यांना मान दिला, याचं मला फार अप्रूप आहे. केरीचा तो तुकडाही त्याच काळचा असेल का, असं मला वाटत राहतं, कारण आमचा गोवाही 1472 मध्ये बहामनी वजीर महमूद गवानने बहामनींकडे आणला होता.

जुन्या पद्धतीत तापल्या काचेच्या गोळ्याला सळईने भोक पाडत आणि तो गरगर फिरवून रुंदावत. बांगडी अखंड उतरे. आज फिरोजाबादला काचेची तार दांड्यावर स्प्रिंगसारखी गुंडाळतात, कापतात आणि प्रत्येक वळ्याची टोकं ज्योतीवर जोडतात. म्हणून बाजारातल्या बांगडीला एक सांधा असतो. कासाराने हात दाबून, अंगठा आत मोडून चढवलेल्या हिरव्या चुड्यातही तो असतोच.

केरीचा तो तुकडा अजून माझ्यापाशी आहे. पेरभर तुकड्यावर सांधा कुठून दिसणार, त्यामुळे त्याचं वय मी सांगू शकत नाही. तुमच्या पणजीच्या पेटीत मात्र एखादी पुरी बांगडी असेल, तर आतून नख फिरवून पाहा. नख कुठेच अडलं नाही, तर ती कृपा करून टाकू नका.