स्प्रिंगहिलच्या पाण्यातली ऊब

कॅनडाच्या पूर्व टोकाला नोव्हा स्कोशिया हा प्रांत आहे. तिथल्या स्प्रिंगहिल गावात १९८९ च्या सुमारास एका प्लास्टिकच्या कारखान्याने आपली इमारत गरम ठेवण्यासाठी बंद पडलेल्या कोळसाखाणीतलं पाणी वापरायला सुरुवात केली. वर आलेलं पाणी साधारण १८ अंश सेल्सियसचं असतं. हीट पंप त्यातली उष्णता काढून घेतो आणि गार झालेलं पाणी पुन्हा खाणीत सोडलं जातं. उन्हाळ्यात हीच यंत्रणा उलटी चालवून इमारत थंड ठेवता येते. आज बंद खाणींमधून स्वच्छ ऊर्जा मिळवण्याचा विषय निघाला की या गावाचं नाव आवर्जून घेतलं जातं. पण ही ऊब वापरायोग्य झाली कशी, याचा माग काढायचा तर दीडशे वर्षं मागे जावं लागतं.

१८७० च्या दशकात इथे मोठ्या प्रमाणावर खाणकाम सुरू झालं आणि खाणीभोवती गाव वसलं. कोळशाचे थर जमिनीत तिरके उतरत होते, म्हणून भुयारंही त्यांच्याबरोबर तिरकी खाली गेली. आत हवा खेळती ठेवण्यासाठी जागोजागी लाकडी दारं असत. गाड्या आल्या की दार उघडायचं, गेल्या की लावायचं. अंधारात बसून हे काम करायला लहान मुलं ठेवत. २१ फेब्रुवारी १८९१ ला कोळशाच्या धुळीचा स्फोट झाला. त्यात १२५ जण गेले, काही तर जेमतेम दहा ते तेरा वर्षांचे होते.

तरी खोदकाम थांबलं नाही. पुढे २ नंबरची खाण उतारावरून मोजली तर १४,२०० फुटांपर्यंत पोचली. जगातल्या सर्वांत खोल कोळसाखाणींत तिची गणना होई.

१ नोव्हेंबर १९५६ ला ४ नंबरच्या खाणीत गाड्या सुटून घसरल्या, विजेची तार तुटली, ठिणगीने धूळ पेटली. ३९ माणसं दगावली, ८८ वाचली. पुढच्याच वर्षी, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, आगीत गावची बाजारपेठ बेचिराख झाली.

त्या जखमा भरायच्या आतच २३ ऑक्टोबर १९५८ ची रात्र आली. कोळसा काढत गेलं की वरच्या खडकाचा सगळा भार उरलेल्या थरावर येतो. हा साठलेला ताण एकाएकी सुटला की भुयाराची जमीनच उसळते. त्या रात्री २ नंबरच्या खाणीत काही ठिकाणी जमीन थेट छताला भिडली. आत १७४ कामगार होते. त्यांतले ७५ गेले.

वाचवणारेही बहुतेक खाणकामगारच होते. फावड्यांनी, प्रसंगी हातांनी दगड उपसत ते आत सरकत होते. सहाव्या दिवशी हवेच्या तुटक्या पाइपातून माणसाचा आवाज ऐकू आला. त्या गटातले १२ जण बाहेर निघाले, त्यानंतर १ नोव्हेंबरला आणखी सात. या सातांत मॉरिस रडिक होते, बारा मुलांचे वडील. अंधारात गाणी म्हणून त्यांनी सोबत्यांची उमेद टिकवली होती. पुढे अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी वाचलेल्यांना समुद्रकिनारी सुट्टीचं आमंत्रण दिलं. पण रडिक कृष्णवर्णीय आहेत हे कळताच त्यांना वेगळं ठेवण्याची अट आली. सोबत्यांची सुट्टी बुडू नये म्हणून रडिक त्या अटीवर गेले. आठ दिवस एकाच अंधारात काढलेल्या माणसांना जमिनीवर असं वेगळं केलं गेलं, हे आजही मनाला डाचतं.

२ नंबरची खाण पुन्हा उघडलीच नाही. छोट्या खाणी काही वर्षं रेटत राहिल्या, मग त्याही बंद झाल्या. चालू खाणीतलं पाणी सतत उपसावं लागतं. पंप थांबले की ते भरत जातं. स्प्रिंगहिलची भुयारं अशीच भरली. जमिनीत जसजसं खाली जावं तसतशी उष्णता वाढते आणि इथली भुयारं तर किलोमीटरहून खोल. तळाशी तापलेलं पाणी हलकं होऊन त्याच भुयारांतून वर सरकतं. म्हणजे पाण्याला ऊब पृथ्वीची असली तरी ती वर यायची वाट खाणकामगारांनी खोदलेली आहे.

गावातलं सार्वजनिक संकुलही याच पाण्यावर गरम ठेवलं जातं. त्याला डॉ. कार्सन आणि मॅरियन मरे यांचं नाव आहे. कार्सन मरे हे गावचे डॉक्टर, गायिका ॲन मरे यांचे वडील. इतकं असूनही गावाचा आर्थिक भार हलका झाला नाही. १ एप्रिल २०१५ ला स्प्रिंगहिलची स्वतंत्र नगरपालिका विसर्जित होऊन ती कंबरलँड परगण्यात विलीन झाली.

खाणीतली ऊर्जा स्वस्त म्हणून तिचं कौतुक होतं, कारण खोदाईचा खर्च आधीच झालेला असतो. स्प्रिंगहिलमध्ये तो खर्च कामगारांच्या कुटुंबांनी भरला आहे. म्हणून या पाण्यातून जे काही मिळेल, त्यावर पहिला हक्क या गावाचा असला पाहिजे.